अरुण कोलटकर : कुंचला, कविता आणि पखवाज

दुबई मरीनाच्या काठावर संध्याकाळी बाकावर बसले की समोरून सारे जग चालत जाते. पाणी समुद्राचेच, पण कालवा माणसांनी खणलेला, सुमारे तीन किलोमीटर लांबीचा. दोन्ही बाजूंना ढगांत डोके घालणाऱ्या इमारती. आपल्या बेटावरची कितीतरी मुलेमुली आज दुबईत नोकरीला आहेत, त्यामुळे हे नाव आपल्या घरांतून आता नवे राहिलेले नाही. अशाच एका संध्याकाळी यू. पी. एस. या कुरिअर कंपनीची तपकिरी गाडी समोर येऊन थांबली आणि तिच्यावरील अक्षरे पाहून मला एका जर्मन वादकाची आठवण झाली.

वाचकहो, अक्षरांचा आणि वादनाचा काय संबंध, असे आपण विचाराल. ही कंपनी जगभर जी अक्षरे वापरत आली ती ‘डॅक्स’ नावाच्या एका वळणावरून घडविलेली आहेत आणि ते वळण काढणारे हान्स रायशेल हे मुळात गिटारवादक होते. १९४९ साली जर्मनीतील हागेन गावी जन्मलेल्या या गृहस्थांनी आपल्या गिटारी आपणच तासून बनविल्या. लाकडाच्या पट्टीवर गज फिरवून वाजवायचे ‘डॅक्सोफोन’ नावाचे एक अजब वाद्यही काढले. त्यांचे वादन कागदावर लिहिलेले नसे. वाजविता वाजविता सुचेल ते वाजवायचे, म्हणजे आपल्या गवयांच्या भाषेत सगळी उपजच. २०११ साली ते वारले. गिटारवादक म्हणून त्यांना जाणणारे थोडे, पण त्यांच्या हातची वळणे कोट्यवधी लोकांनी नकळत पाहिली.

चित्र आणि नाद या दोन्ही घरांत राहणारा असा माणूस आपल्या मराठीत कोण, याचा विचार करू लागलो तेव्हा कोल्हापूरचे अरुण कोलटकर डोळ्यांपुढे आले. ते गिटारवादक नव्हते. त्यांचे मोठे नाव झाले ते कवी म्हणून. परंतु पोट भरले चित्रकलेने, आणि जीव लावला तो संगीतालाही. शिवाय त्यांनी एका नव्हे, दोन भाषांत लिहिले, आणि हा भाग आपल्या बेटावरील घरांना फार जवळचा आहे.

अरुण बालकृष्ण कोलटकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९३२ रोजी कोल्हापुरात झाला. वडील शिक्षण खात्यात होते. घर एकत्र कुटुंबाचे, जुन्या वळणाचे, नऊ खोल्यांचे. खाली पाच, वर तीन आणि त्यांच्यावर एक, अशी पत्त्यांच्या बंगल्यासारखी त्याची रचना होती. जमिनी शेणाने सारवलेल्या. शिक्षण राजाराम हायस्कुलात मराठीतून झाले.

कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगीच नाही. शाहू महाराजांच्या आश्रयाने अल्लादिया खाँसाहेबांसारखे गायक या गावात स्थिरावले. आबालाल रहिमान यांच्यासारखे चित्रकार येथे झाले. बाबूराव पेंटरांनी तर नाटकाचे पडदे रंगविता रंगविता स्वतःच कॅमेरा बनविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट लोकांपुढे आणला. एका हाताने रंगवायचे आणि दुसऱ्या हाताने काही निराळेच घडवायचे, ही या गावाची रीतच म्हणायची. कोलटकर तिथलेच.

शालेय शिक्षण संपल्यावर १९४९ साली त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत नाव घातले. वडिलांची इच्छा नव्हती. चित्रे काढून मुलगा खाणार काय, ही चिंता कोणत्या बापाला नसते? पण बालपणीचे मित्र बाबूराव सडवेलकर, जे पुढे नामवंत चित्रकार झाले, ते त्या शाळेत होते आणि त्यांच्यामागोमाग अरुणही गेले. अभ्यासक्रम सरळ पुरा झाला नाही. मध्येच शाळा सुटली, भटकंती झाली आणि पदविका हाती पडली ती १९५७ साली. म्हणजे आठ वर्षे गेली.

याच काळात, १९५३ साली, त्यांनी दर्शन छाबडा यांच्याशी विवाह केला. चित्रकार बाळ छाबडा यांच्या या भगिनी. दोन्ही घरांचा विरोध होता. जात-भाषा निराळी हे एक कारण असेलही, पण जावयाचे एकही चित्र अजून विकले गेलेले नव्हते हे अधिक जड कारण होते. पुढची काही वर्षे मुंबईत फार ओढगस्तीची गेली. रॅम्पार्ट रोच्या आसपास चित्रकारांचा वावर असे, तेथे हा तरुण फिरत असे. पोटाला पुरेसे नसताना हा माणूस तुकोबांचे अभंग इंग्रजीत आणण्याच्या खटपटीत होता. यावरून त्याच्या डोक्यात काय चालले असेल ते ओळखावे.

पन्नाशीच्या दशकातच दिलीप चित्रे, रमेश समर्थ आदी मित्रांसह ‘शब्द’ नावाचे छोटेखानी नियतकालिक निघाले. चक्रमुद्रित कागद, मोजके वाचक, खिशातले पैसे. मोठी मासिके ज्या कविता छापण्यास कचरत त्या येथे छापल्या जात. मराठीत ज्यांना लघुअनियतकालिके म्हणतात त्यांचा उगम अशा प्रयत्नांत आहे. पुढे साठीच्या दशकात अशोक शहाणे प्रभृतींनी ही चळवळ मोठी केली आणि हेच शहाणे ‘प्रास प्रकाशना’च्या द्वारे कोलटकरांचे आयुष्यभराचे प्रकाशक झाले. आपल्या बेटावर मंडळाच्या अंकासाठी घरोघर वर्गणी मागत फिरलेल्या लोकांना ‘शब्द’ची कहाणी वेगळी समजावून सांगायला नको!

चित्रे विकली जात नव्हती, परंतु हात तयार होता. कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात शिरले. लिंटाससारख्या संस्थांत त्यांनी काम केले आणि साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत मुंबईतील अव्वल कलादिग्दर्शकांत त्यांची गणना होऊ लागली. पुढे करसी कात्रक यांच्या प्रसिद्ध कंपूत ते सामील झाले. कात्रक स्वतः कवी होते. जाहिरात-कलावंतांच्या ‘कॅग’ या संघटनेचे पारितोषिक कोलटकरांना सहा वेळा मिळाले आणि मानाच्या यादीत त्यांचे नाव कायमचे नोंदले गेले. कविता बाजूला ठेवली तरी या एका कामावर त्यांचे नाव राहिले असते.

पैसा आला, पण संसार टिकला नाही. १९६६ च्या सुमारास दारूचे व्यसन जडले होते आणि घरात बेबनाव होता. पहिला विवाह परस्परसंमतीने संपुष्टात आला. नंतर सूनू यांच्याशी दुसरा विवाह झाला, दारू मागे पडली आणि आयुष्य थाऱ्यावर आले. थोरांच्या चरित्रांत असल्या गोष्टी झाकून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती पसंत नाही. पडलेला माणूस उठला, हे सांगायचे तर तो पडला होता हेही सांगावे लागते.

आता संगीताकडे वळू. कोलटकरांच्या कानात दोन निराळ्या दुनिया एकदम वाजत. एकीकडे ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, तुकाराम, म्हणजे टाळ-मृदंगाच्या साथीने गायिली जाणारी कविता. दुसरीकडे अमेरिकेतील काळ्या लोकांचे ब्ल्यूज आणि त्यातून निघालेले रॉक. ज्यांच्यापासून आपण शिकलो अशांची यादी त्यांनी एकदा दिली, तिच्यात संतांच्या मांडीला मांडी लावून लॉरेल आणि हार्डी बसले आहेत. चेष्टा म्हणून नव्हे, खरोखरच.

सत्तरीच्या दशकात त्यांनी गायक होण्याचे मनावर घेतले. वय चाळिशीचे! इंग्रजी गाणी रचली आणि १९७३ साली त्यांतील काही ध्वनिमुद्रितही केली. एका मित्राच्या मदतीने लंडनच्या संगीत कंपन्यांकडे ती पोचविण्याचा प्रयत्न झाला, पण कोणी दाद दिली नाही. गाणी फितीतच राहिली. जाहिरातीत ज्याच्या शब्दाला किंमत होती त्याने चाळिशीत उमेदवाराप्रमाणे दारे ठोठावावीत आणि ती उघडू नयेत, याला काय म्हणावे? त्यांच्या चरित्रातील मला सर्वांत आवडलेला हा भाग आहे. हसे होईल म्हणून आपण किती गोष्टी करायच्या राहून देतो, त्याची आठवण हा भाग करून देतो.

गाणे राहिले तरी नाद सुटला नाही. अर्जुन शेजवळ यांच्याकडे ते पखवाज शिकू लागले. पखवाज म्हणजे भजनाचा कणा. तबल्याप्रमाणे दोन तुकड्यांचे नव्हे, एकाच खोडाचे हे वाद्य, डाव्या अंगाला कणीक लावून घुमविलेले. आपल्या बेटावर झाकरीला ढोलकी लागते, तिचा हा थोरला भाऊ समजा. पखवाजात ठेका आधी अंगात मुरवावा लागतो, मग त्याच्या आत राहून आपल्या मनाचे वाजवायची मोकळीक मिळते. कोलटकरांच्या कवितेचे असेच आहे. बोलणे अगदी साधे, रस्त्यावरचे वाटते, पण समेवर नेमके येते.

बळवंतबुवा नावाचे एक भजनी गायक त्यांचे जिवलग मित्र होते. त्यांनी सांगितलेल्या आठवणी कोलटकर वर्षानुवर्षे वह्यांतून टिपत राहिले. हा जाहिरात कंपनीतला साहेब त्यांच्यापुढे वही घेऊन शिष्यासारखा बसे. त्या गोष्टींतून पुढे ‘चिरीमिरी’ या संग्रहातील कविता उगवल्या.

परंतु कीर्ती आली ती जेजुरीच्या खंडोबाच्या द्वारे. १९६३ साली कोलटकर, त्यांचे बंधू मकरंद आणि मित्र कवी मनोहर ओक असे तिघे जेजुरीला गेले. खंडोबा हे आपल्यांपैकी कितीतरी घराण्यांचे कुलदैवत. बेटावर आलेल्या पूर्वजांनी गाठोड्यात फारसे काही आणले नसेल, पण तळी भरण्याची रीत काही घरांनी आणली. तेव्हा जेजुरी म्हटले की आपण भंडारा, दिवट्या आणि यळकोटाचा गजर अशी अपेक्षा करतो.

कोलटकरांची ‘जेजुरी’ तशी नाही. ती एस. टी.च्या गाडीत सुरू होते आणि रेल्वे स्टेशनावर गाडीची वाट पाहत संपते. मधल्या वेळात दिसतात ती पडकी देवळे. एका देवळाच्या भग्न गाभाऱ्यात कुत्रीने पिल्ले घातलेली आहेत. एक दार एकाच बिजागरीवर लोंबते आहे. पन्नास पैशांसाठी एक म्हातारी मागे लागते, आणि तिच्याकडे नीट पाहिल्यावर पाहणाऱ्याचेच काहीतरी आत तडकते. देव कुठला आणि दगड कुठला, हे कवी ठरवून टाकत नाही. एका ठिकाणी कोंबडे-कोंबड्या शेतात नाचताना दिसतात, तर शब्दच कागदावर वरखाली उड्या मारताहेत असे छापले आहे. तेथे चित्रकाराचा हात उघड दिसतो.

या पुस्तकाचे नशीबही विलक्षण. त्यातील एक कविता एका छोट्या मासिकात छापून आली, पण मूळ हस्तलिखित गहाळ झाले आणि ते मासिकही हाती राहिले नाही. दुसरा असता तर कपाळावर हात मारून बसला असता. कोलटकरांनी सत्तरीच्या दशकात ते पुन्हा लिहून काढले. १९७४ साली एका इंग्रजी त्रैमासिकात आणि १९७६ साली पुस्तकरूपाने ‘जेजुरी’ प्रसिद्ध झाली. पुस्तक काढायला कात्रकांनी टोचणी लावली होती. छापले ते ‘क्लिअरिंग हाउस’ने. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव पटेल आणि स्वतः कोलटकर या चार कवींनी मिळून उभारलेली ही संस्था. पुस्तकांची मांडणी अर्थात कोलटकरांची. १९७७ साली ‘जेजुरी’ला राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळाले आणि कोल्हापूरच्या मराठी शाळेतील मुलाचे नाव इंग्रजी जगात पोचले. त्याच वर्षी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचा पहिला मराठी संग्रह ‘अरुण कोलटकरच्या कविता’ निघाला. त्यात मुंबईच्या बाजारी हिंदीतली कविताही होती.

मग वाद सुरू झाला. भालचंद्र नेमाडे यांनी इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीयांवर १९८५ साली कडक टीका केली, तीत ‘जेजुरी’लाही सोडले नाही. मुंबईहून सहलीला आलेल्या परक्या माणसाच्या नजरेने हा कवी देवस्थान पाहतो, असा त्यांचा रोख होता. आरोप साधा नाही. आपल्या देवाकडे आपण दुसऱ्याच्या भाषेतून पाहू लागलो की नजर परकी होते का? हा प्रश्न आपण येथे रोज जगतो. आपली मुले क्रिओलमध्ये भांडतात, फ्रेंचमध्ये वर्तमानपत्र वाचतात, इंग्रजीत परीक्षा देतात आणि गणपतीपुढे आरती मराठीत म्हणतात. त्यांची श्रद्धा चार ठिकाणी फाटली असे कोणी म्हटले तर आपल्याला राग येईल.

माझे मत असे की नेमाडे यांना दिसले ते खरे होते, पण पुरे नव्हते. त्या कवितेतला माणूस पाहुणाच आहे, तो भक्ताचे सोंग घेत नाही. पण त्या म्हातारीपुढे तो जसा खुजा होतो तसा सहलीचा प्रवासी होत नसतो. आणि कोलटकर एका भाषेला सोडून दुसरीकडे गेले नव्हते. आयुष्यभर ते दोन्हींत लिहीत राहिले. काही कविता आधी मराठीत, मग इंग्रजीत, काही उलट. मराठी ‘जेजुरी’ही त्यांनी लिहून ठेवली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. नेमाडेही मराठीचेच मोठे लेखक, तेव्हा हा वाद घरातला आहे. असो.

यशानंतर कोणी असता तर दर वर्षाला एक पुस्तक काढले असते. कोलटकरांचे पुढचे मराठी पुस्तक आले २००३ साली, म्हणजे सव्वीस वर्षांनी. लिहिणे थांबले नव्हते, छापायची घाई नव्हती. प्रभादेवीला एका खोलीच्या घरात ते राहत. पुस्तके भिंतीभर, टेलिफोन मात्र घरात नाही. ज्याला भेटायचे त्याने गुरुवारी दुपारी काळा घोडा येथील ‘वेसाइड इन’मध्ये जावे. खिडकीजवळच्या टेबलाशी ते मित्रांसह बसलेले असत. ते उपाहारगृह बंद झाल्यावर ही बैठक ‘मिलिटरी कॅफे’त हलली.

काळा घोडा हे नाव सातव्या एडवर्ड राजाच्या अश्वारूढ पुतळ्यावरून पडले. पुतळा १९६५ साली तेथून काढून भायखळ्याच्या राणीच्या बागेत, आताच्या जिजामाता उद्यानात, नेऊन ठेवला. घोडा गेला, नाव राहिले. चौकात मोटारींसाठी जागा आणि मध्ये एक त्रिकोणी बेट. त्या बेटावर पहाटे एक भटका कुत्रा पहुडलेला असे, इडल्यांचे भांडे घेऊन एक बाई येई आणि फुटपाथवर रात्र काढलेली माणसे तिच्याभोवती गोळा होत. खिडकीतून कोलटकर हे वर्षानुवर्षे पाहत होते. त्यातून ‘काळा घोडा पोएम्स’ हा इंग्रजी संग्रह झाला. न्याहारीच्या वेळेवरची त्यातील दीर्घ कविता एखाद्या मोठ्या भित्तिचित्रासारखी आहे. केर काढणाऱ्या, भीक मागणाऱ्या, उपाशी माणसांना त्याने ज्या आदराने रंगविले तो आदर राजेरजवाड्यांच्या चित्रकारांनी राजांना दिला. दया कुठे नाही, उपदेशही नाही.

अखेरच्या दोन वर्षांत जणू बांध फुटला. २००३ साली ‘चिरीमिरी’ आणि ‘भिजकी वही’, २००४ साली ‘द्रोण’, ‘सर्पसत्र’ आणि ‘काळा घोडा पोएम्स’. पोटाचा कर्करोग झाला होता आणि वेळ थोडा होता. मित्रांनी आणि शहाण्यांनी धावपळ करून पुस्तके हाती दिली. ‘सर्पसत्र’ जनमेजयाच्या यज्ञावर आहे. बापाच्या मृत्यूचा सूड म्हणून एक राजा साऱ्या नागकुळाला आगीत लोटतो. ही कथा महाभारतातली, पण वाचताना वर्तमानपत्र वाचल्यासारखे वाटते.

‘भिजकी वही’चे नाव घेताच इंद्रायणीत बुडविलेल्या तुकोबांच्या वह्या मनात येतात. हा ग्रंथ अश्रूंचा आहे. इजिप्तची इसिस, ग्रीकांची कॅसँड्रा, अलेक्झांड्रियाची विदुषी हायपेशिया, बसरा शहराची संत राबिया, व्हिएतनामच्या युद्धात भाजलेली किम, अशा देशोदेशींच्या, युगायुगांच्या स्त्रिया येथे मराठीत रडतात. इतके मोठे जग मराठी कवितेत एकाच पुस्तकात क्वचितच उतरले असेल. वाचायला सोपे नाही, हेही सांगतो. दोन-तीन बैठकांत संपवायला जाऊ नये.

२५ सप्टेंबर २००४ रोजी पुण्यात अरुण कोलटकर वारले. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो २००५ साली, घ्यायला ते नव्हते. त्याच वर्षी ‘द पोलिसमन’ हे त्यांचे एक छोटे पुस्तक निघाले. तेरा प्रवेशांचे हे नाटक आहे, पण त्यात एकही शब्द नाही, नुसती रेखाचित्रे. शब्दांवर आयुष्य काढलेला माणूस शेवटी रेषेवर सोपवून गेला होता. २००९ साली मेहरोत्रा यांनी त्यांच्या विखुरलेल्या इंग्रजी कविता एकत्र करून प्रसिद्ध केल्या. त्या १९७३ च्या गाण्यांकडेही अभ्यासकांचे लक्ष आता कुठे जाऊ लागले आहे.

आपल्यापैकी कोणी मुंबईला गेले तर वेसाइड इन शोधत बसू नये, ते राहिलेले नाही. परंतु काळा घोडा चौकात जरूर जावे, शक्यतो सकाळी न्याहारीच्या वेळी. २०१७ साली तेथे पुन्हा एक काळा घोडा उभा केला आहे. या वेळी त्याच्या पाठीवर राजा नाही.